हाफलिंग घेऊ की हाफ-ऑर्क? कॅरेक्टर बनवण्यात घालवलेल्या दोन संध्याकाळी

बाल्डर्स गेट ३ या फाशांवर चालणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये ऑनर मोड सुरू करायचा असं मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवलं आणि पहिल्या दोन संध्याकाळी आम्ही गेम खेळलोच नाही, नुसतं कॅरेक्टर बनवत बसलो. एकाच स्क्रीनवर दोन भाग करून दोघांना खेळता येतं, त्यामुळे अर्ध्या स्क्रीनवर त्याचं कॅरेक्टर, अर्ध्यावर माझं, आणि मध्ये एक वही. ते सगळं कसं ठरवलं ते लिहून ठेवतेय, कारण कोणाला तरी उपयोग होईल आणि मला स्वतःलाही पुढच्या वेळी लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनर मोड गेममध्ये नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आला. एकच सेव्ह असतं. बोलताना फासा वाईट पडला, लोड करून परत टाकू, असं नाही, पडेल ते दान घ्यायचं. आणि पार्टीतले, म्हणजे आपल्या गटातले, सगळे पडले की तो डाव ऑनर मोड म्हणून संपला. वर बॉस लोकांना जास्तीच्या चाली दिल्यात. त्यामुळे नेहमीच्या मोडमध्ये आपण ज्या चुका नकळत सेव्हच्या जोरावर पुसून टाकतो त्या इथे पुसता येत नाहीत, आणि सुरुवातीला काय घेतलं याला खरी किंमत येते.

माझं पहिलं कॅरेक्टर, म्हणजे गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला तेव्हाचं, हाय एल्फ विझार्ड होतं. हाय एल्फ ही रेस, म्हणजे जमात, आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, हा क्लास, म्हणजे पेशा. गेम आपणहून क्लासप्रमाणे स्टॅट (ताकद, बुद्धी अशा गुणांचे आकडे) वाटून देतो, मी ते काढून माझे टाकले. सहा स्टॅट असतात, सगळे ८ पासून सुरू, आणि वाटायला २७ पॉइंट. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट जातो, मग १४ ला दोन आणि १५ ला अजून दोन, म्हणजे ८ चा १५ करायला ९ पॉइंट. मी हिशोब केला की ९ त्रिक २७, तीन स्टॅट १५ आणि बाकी तीन ८, एकही पॉइंट वाया नाही. त्यावर रेसचे म्हणून मिळणारे +२ आणि +१. इंटेलिजन्स १७, डेक्स (चपळाई) १६, करिझ्मा (बोलण्याची छाप) १५, कारण लोकांशी बोलायलाही मला हीच विझार्ड पुढे करायची होती. स्ट्रेंग्थ, विझडम आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा, पुढे नुसतं कॉन) ८.

कॉन ८ म्हणजे मॉडिफायर (त्या स्टॅटवरून मिळणारी अधिक-उणे भर) उणे १, आणि हा उणे १ प्रत्येक लेव्हलला लागतो हे मला वाचून माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते तेव्हा कळलं नव्हतं. विझार्डला पहिल्या लेव्हलला ६ अधिक कॉन आणि पुढे दर लेव्हलला ४ अधिक कॉन इतकं एचपी (किती मार झेलता येतो तो आकडा) मिळतं. पाचव्या लेव्हलला माझं एचपी १७ होतं. कॉन १४ ठेवला असता तर ३२ झालं असतं. जवळजवळ दुप्पट! आणि एचपी हा त्यातला अर्धाच भाग. विझार्डचे चांगले स्पेल (मंत्र) बरेचसे कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे टाकणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवर, चालतात, मार बसला की कॉनसाठी वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो, साध्या माराला १० यावे लागतात, आणि उणे १ असेल तर फाशावर ११ हवेत, म्हणजे निम्म्या वेळेला स्पेल तुटणार. कॉन १४ असता तर ८ आले तरी चाललं असतं, म्हणजे ६५ टक्के.

पाचव्या लेव्हलला मी हेस्ट, वेग वाढवणारा असाच एक स्पेल, शिकले आणि मोठ्या हौसेने भावाच्या फायटरवर टाकला. एक राउंड तो काय खेळला! दुसऱ्या राउंडला एका गॉब्लिनचा बाण मला लागला, फासा पडला ६, स्पेल तुटला. आणि हेस्ट तुटला की ज्याच्यावर होता तो गळून जातो, त्याचा एक अख्खा टर्न जातो, ना हलता येत ना मारता येत. भाऊ शत्रूंच्या मधोमध तसाच उभा राहिला. तो मला काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "ताई, तुझा कॉन किती आहे?" मी सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

ते दुरुस्त करता येतं ही चांगली गोष्ट. विदर्स नावाचा एक सांगाडा-बाबा लवकरच भेटतो, १०० सोन्याची नाणी दिली की क्लास, स्टॅट, स्किल, स्पेल सगळं परत निवडायला देतो. मी लगेच केलं. पण तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की रेस बदलता येत नाही. बॅकग्राउंडही, म्हणजे कॅरेक्टर आधी कोण होतं तेही, नाही. आणि मग मी बसून पाहिलं की हाय एल्फने मला नक्की काय दिलं होतं. एक जास्तीचा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल), जे विझार्डला तसेही मिळतातच. लाँगसोर्ड आणि धनुष्य चालवायची ट्रेनिंग, जी माझ्या विझार्डने एकदाही वापरली नाही. अंधारात दिसणं, ठीक. मोहिनी घालणाऱ्या जादूपासून थोडं संरक्षण, ते खरंच कामाला आलं. पण त्याच जागी मी ह्यूमन किंवा हाफ-एल्फ घेतली असती तर ढाल वापरायची ट्रेनिंग रेसमधूनच मिळाली असती, आणि या गेममध्ये ढाल हातात असतानाही स्पेल टाकता येतात, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत +२ आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा), काही न करता. जे क्लासकडून मिळणारच होतं ते मी रेसकडूनही घेतलं, आणि जे क्लास देत नव्हता ते घेतलंच नाही.

याच्या आधीही मी सुरुवातीच्या बोनसवर विचार करत बसायचे, पण वेगळ्या प्रकारे. पहिला बाल्डर्स गेट १९९८ चा, मी तो खूप उशिरा खेळले, तिथे पॉइंट वाटायचे नसतात, फासे टाकायचे असतात, आणि आकडे आवडले नाहीत तर परत टाकायचं बटण आहे, कितीही वेळा. चांगला आकडा आला की तो साठवून ठेवायचा आणि पुढे टाकत राहायचं. मी एकदा तासभर तेच करत होते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा खेळ, ज्याच्या नियमांवर बाल्डर्स गेट चालतो, १९७४ मध्ये आला तेव्हापासूनची ही पद्धत, तीन सहा-बाजूंचे फासे, ३ ते १८, सरासरी साडेदहा. टेबलावर खेळताना जे पडलं ते पडलं, त्यातून कॅरेक्टर घडतं, ते मला फार आवडतं. पण कॉम्प्युटरवर परत टाकायचं बटण दिलं की त्यातलं नशीब जातं आणि फक्त चिकाटी उरते.

डार्क सोल्स, २०११ चा, तिथे सुरुवातीला एक भेटवस्तू निवडायची असते. मी काळे फायरबॉम्ब घेतले, पहिल्याच मोठ्या राक्षसावर टाकले, तो मेला, मस्त वाटलं, आणि गेमच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत माझा सुरुवातीचा बोनस संपला. त्याच यादीत मास्टर की होती, ज्याने बरीच कुलुपं उघडतात आणि नकाशावर वेगळ्याच वाटेने जाता येतं. आणि एक पेंडंटही होता ज्याच्यावर स्वच्छ लिहिलंय की काही उपयोग नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींनी मी पेंडंट घेईन असं सांगितल्यावर लोकांनी वर्षभर त्याचं गुपित शोधलं आणि २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं की ती गंमत होती. एल्डन रिंगमध्ये, २०२२, मी शहाणपणाने गोल्डन सीड घेतलं, औषधाचा एक घोट जास्त. ते सीड पुढे वाटेत अनेक मिळतात. पण पहिल्या काही तासांत, जेव्हा चारच घोट असतात, तेव्हा पाचवा घोट म्हणजे फार मोठी गोष्ट, तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तर हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही बसलो. वहीत मी दोन रकाने केले. एका बाजूला "नंतर मिळतं", दुसऱ्या बाजूला "नंतर मिळत नाही". आणि ठरवलं की स्टॅट आणि क्लासवर आज भांडायचं नाही कारण विदर्स आहे, १०० सोनं टाकलं की ते बदलतं. भांडायचं ते फक्त रेस आणि बॅकग्राउंडवर.

आधी हे ठरलं की बोलायचं काम माझं. दोघं खेळताना जो जाऊन बोलायला सुरुवात करतो त्याचेच आकडे फाशाला लागतात, त्यामुळे एकाने बोलणारा व्हायचं आणि दुसऱ्याने लोकांपासून लांब उभं राहायचं, हे आम्ही पहिल्या डावात शिकलो होतो. मी बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारा क्लास. भाऊ परत फायटर, त्याला तेच आवडतं.

भावाचं पाच मिनिटांत झालं. हाफ-ऑर्क. कारण विचारलं तर म्हणाला, "एकदा मेलो तरी मरत नाही." हाफ-ऑर्कचं एचपी शून्य झालं की तो पडत नाही, १ एचपीवर उभा राहतो. पण हे पुढची लाँग रेस्ट, म्हणजे कॅम्पवरची रात्रभरची झोप, होईपर्यंत एकदाच. मी त्याला म्हटलं अरे दिवसातून एकदाच चालणाऱ्या गोष्टीवर अख्खी रेस घालवतोस, आणि डेथ वॉर्ड नावाचा स्पेल हेच करतो की. तो म्हणाला, "डेथ वॉर्ड चौथ्या पातळीचा स्पेल आहे ताई, क्लेरिक सातव्या लेव्हलला गेल्याशिवाय मिळत नाही, तोपर्यंत काय करायचं?" मला उत्तर सुचलं नाही पण पटलंही नाही. वहीत मी हाफ-ऑर्क "नंतर मिळतं" मध्ये लिहिला, त्याने तो खोडून मधल्या रेघेवर लिहिला.

माझं मात्र पाच मिनिटांत होणारं नव्हतं. अंधारात दिसणं आधी खोडलं. सगळ्यांना वाटतं की ते हवंच, मलाही वाटायचं, पण मशाल असते, लाइटचा कँट्रिप असतो, ते नसल्यामुळे नेम चुकतो हे खरं असलं तरी भागवता येतं. हाफ-एल्फची ढाल फार वेळ यादीत होती, विझार्डच्या वेळची सल होतीच. पण बार्डला ढाल तिसऱ्या लेव्हलला कॉलेज ऑफ व्हॅलर या बार्डच्या शाखेतून मिळते, एका फीटमधूनही (ठराविक लेव्हलला निवडायची खास क्षमता) मिळते. नोम ही रेस चांगली होती, इंटेलिजन्स, विझडम आणि करिझ्माच्या सगळ्या सेव्हना (संकटातून वाचायच्या फाशांना, गेम सेव्ह करणं नव्हे) त्याला दोन फासे टाकून मोठा घ्यायला मिळतो, म्हणजे कोणी मला जागच्या जागी थिजवायचा स्पेल टाकला तर वाचायची शक्यता खूप वाढते. गिथयांकी ही आणखी एक रेस, तिला पाचव्या लेव्हलला मिस्टी स्टेप (क्षणात दुसऱ्या जागी पोचणं) मिळतं, पण तो तर साधा दुसऱ्या पातळीचा स्पेल आहे, त्याचे स्क्रोलही असतात.

मग हाफलिंग. हाफलिंगचं वैशिष्ट्य एका ओळीचं आहे, वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर तो फासा आपोआप परत टाकला जातो. हल्ला करताना, स्किलला, सेव्हला, सगळीकडे. भाऊ म्हणाला, "पाच टक्के वेळा १ पडतो. पाच टक्क्यांसाठी?" आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा पहिल्या डावात हेच म्हणून ती रेस सोडली होती.

म्हणून आम्ही हिशोब केला, आणि या हिशोबानेच माझा निर्णय झाला म्हणून नीट लिहितेय. समजा पहिल्या लेव्हलला माझा करिझ्मा मॉडिफायर +३ आणि स्किलची प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२, एकूण +५. समोर गाठायचा १० चा आकडा आहे. फाशावर ५ किंवा जास्त हवेत, म्हणजे २० टक्के वेळा मी हरणार. हाफलिंग असेन तर जे १ पडलेले आहेत त्यातले बहुतेक परत टाकल्यावर वाचतात, हरणं १६ टक्क्यांवर येतं. चार टक्क्यांचा फरक. ठीक आहे, फार नाही, भावाचं बरोबर.

पण बार्डला तिसऱ्या लेव्हलला दोन स्किलमध्ये एक्सपर्टीज मिळते, प्रोफिशियन्सी दुप्पट, एकूण +७. आता हरणं साध्या कॅरेक्टरला १० टक्के आणि हाफलिंगला साडेपाच. जवळजवळ निम्मं. आणि अजून पुढे गेलं, +९ किंवा जास्त झालं, की १० च्या आकड्याला कुठलाही फासा चालतो, फक्त १ सोडून, कारण स्किलच्या फाशावर १ पडला की बोनस कितीही असो, हरलातच. म्हणजे कितीही ताकदवान झाले तरी साध्या कॅरेक्टरला ते ५ टक्के कधीच सुटत नाहीत. हाफलिंगला हरायला लागोपाठ दोनदा १ पडावा लागतो. चारशेत एकदा.

हे कागदावर आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. सुरुवातीचे बहुतेक बोनस गेम पुढे जाईल तसे बारीक होत जातात, तो औषधाचा पाचवा घोट चौदा घोट झाले की आठवतही नाही. हा उलटा आहे. बाकी सगळं जितकं पक्कं होत जातं तितकी त्या एका १ चीच भीती उरते, आणि नेमकी तीच हा काढून टाकतो. लकी नावाचं एक फीट आहे, पण त्याचे दिवसाला तीनच पॉइंट मिळतात आणि त्यासाठी फीट खर्च होतं. कायमचं, आपोआप, प्रत्येक फाशाला, हे दुसरीकडे कुठे मिळत नाही. "नंतर मिळत नाही" च्या रकान्यात मी हाफलिंग लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्याची किंमतही आहे. हाफलिंग एका टर्नमध्ये साडेसात मीटर चालतो, बाकीचे बहुतेक नऊ. दीड मीटर ऐकायला काही नाही पण जवळ जाऊन पडलेल्याला उठवायचं असेल तेव्हा त्या दीड मीटरवरच घोडं अडतं. यावर बार्डकडेच उपाय निघाला, लाँगस्ट्रायडर, पहिल्या पातळीचा स्पेल, लढाईबाहेर टाकला तर स्लॉट (स्पेल टाकायचा ठराविक कोटा) जात नाही, आणि पुढच्या लाँग रेस्टपर्यंत तीन मीटर जास्त. रोज सकाळी कॅम्पमधून निघताना टाकायचा. म्हणजे कमी चालणं "नंतर भरून निघतं" मध्ये गेलं.

हाफलिंगमध्ये लाइटफूट की स्ट्राँगहार्ट, यावर दोन मिनिटं घालवली. एकाला लपायला मदत, दुसऱ्याला विषापासून संरक्षण. दोन्हीला गेममध्ये बाकी उपाय भरपूर आहेत, मला लपत जायला आवडतं, लाइटफूट.

दुसरी संध्याकाळ बॅकग्राउंड आणि स्टॅटवर गेली. बॅकग्राउंडचं आधी सांगते कारण ते लोक सहसा नुसतं दोन स्किल बघून घेतात. स्किल आहेतच, पण त्याशिवाय तुमच्या बॅकग्राउंडला शोभेल असं काही केलं की इन्स्पिरेशन मिळतं, आणि ते खर्चून एखादा हरलेला फासा परत टाकता येतो. एका वेळी चारच साठतात. आता ऑनर मोडमध्ये, जिथे लोड करून परत टाकणं नाही, तिथे हीच काय ती दुसरी संधी. आणि पार्टीतल्या सोबत्यांची बॅकग्राउंडं ठरलेली आहेत. गेल सेज आहे, अस्टॅरियन शार्लटन, शॅडोहार्ट अकोलाइट, लेझेल सोल्जर, विल फोक हीरो, कार्लाक आउटलँडर. तुम्ही पण सेज घेतलंत तर गेल आणि तुम्ही एकाच गोष्टीसाठी इन्स्पिरेशन मिळवत बसणार. मी गिल्ड आर्टिझन (कारागीर) घेतलं, सोबत्यांपैकी कोणाचंच नाही, आणि त्यात पर्स्वेजन (मन वळवणं) आणि इनसाइट मिळतात. बार्डला बाकी तीन स्किल कुठलीही निवडता येतात, त्यामुळे डिसेप्शन, परसेप्शन आणि स्टेल्थ तिथून घेतली. भावाने सोल्जरच घेतलं. मी त्याला लेझेलचं सांगितलं तरी घेतलं, "माझा माणूस सैनिकच आहे, तो सुतार कसा असेल," म्हणाला. यावर मी वाद घातला नाही. कॅरेक्टर कोण आहे हे आकड्यांच्या आधी ज्याच्या मनात पक्कं असतं त्याला मी बदलायला लावत नाही.

स्टॅटवर मात्र वाद झाला, ठरलेलं असूनही. मॉडिफायर दर दोन आकड्यांनी वाढतो, १६ ला +३, १७ लाही +३, १८ ला +४. म्हणजे विषम आकडा तेव्हापुरता वाया. मी करिझ्मा १५ करून त्यावर +२ टाकत होते, १७. भाऊ म्हणाला १४ कर आणि +२ टाक, १६ होतील, मॉडिफायर तोच, आणि दोन पॉइंट वाचतील, त्यातून विझडम १० चा १२ कर, ताबडतोब +१ मिळतोय. हिशोबाने तो बरोबर होता. पहिल्या तीन लेव्हलपुरतं त्याचं कॅरेक्टर माझ्यापेक्षा चांगलंच. पण चौथ्या लेव्हलला फीट मिळतं, आणि काही फीट अशी आहेत की जी एक स्टॅट +१ करतात आणि वर आणखीही काही देतात. अॅक्टर घेतलं तर करिझ्मा १७ चा १८, आणि डिसेप्शन व परफॉर्मन्समध्ये एक्सपर्टीज. १६ असतील तर १८ करायला अख्खं फीट नुसत्या आकड्यांवर जाणार. शिवाय गेममध्ये एका ठिकाणी एक स्टॅट कायमचा +१ करून घ्यायची संधी आहे, कुठे ते सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, तिथेही विषम आकडा हाताशी असलेला बरा. शेवटी माझे स्ट्रेंग्थ ८, डेक्स १६, कॉन १४, इंटेलिजन्स ८, विझडम १०, करिझ्मा १७. कॉन १४ वर कोणी चर्चाच केली नाही. तो आकडा मी सगळ्यात आधी लिहिला होता.

स्ट्रेंग्थ ८ चं एक सांगायला हवं. उडी किती लांब जाते आणि ओझं किती उचलता येतं ते स्ट्रेंग्थवर आहे, त्यामुळे हे कॅरेक्टर एका फटीवरून उडी मारू शकत नाही आणि बाकीचे तिघं पलीकडे उभे, असं होतं. आमच्या डावात झालंय. जंपचा स्पेल किंवा दुसरी वाट, काहीतरी निघतं.

मग एकदाचं सुरू केलं.

पहिले काही तास हाफलिंगचं नशीब दिसलंच नाही, कारण १ पडलेच नाहीत. भाऊ दोनतीनदा म्हणाला, "ढाल घेतली असतीस तर हा बाण लागला नसता." लागलाही नसता कदाचित. तिसऱ्या लेव्हलला आम्ही गॉब्लिनच्या तळाच्या दाराशी पोचलो, बाहेर इतके पहारेकरी की तिथे लढाई झाली असती तर आमचं काही खरं नव्हतं. बोलून आत जायचं. पर्स्वेजन +७. मी बटण दाबलं, फासा फिरला, थांबला, १. पोटात एकदम गोळा आला. आणि तो फासा परत उचलला गेला आणि परत फिरला आणि १३. भाऊ सोफ्यावरून उठून उभा राहिला होता. आत गेल्यावर त्याने वही घेतली आणि माझ्या दोन रेघांखाली तिसरी मारली.

त्याच्या हाफ-ऑर्कबद्दल मी चुकीची होते, ते चौथ्या लेव्हलला कळलं. आम्ही जमिनीखालच्या अंडरडार्कमध्ये जरा लवकरच उतरलो, आणि दोन मिनोटॉर (बैलाच्या तोंडाचे राक्षस) अंगावर आले. ते उड्या मारत येतात, लांब उभं राहून काही फायदा होत नाही. पहिल्याच राउंडला अस्टॅरियन पडला. शॅडोहार्ट त्याला उठवायला गेली आणि तीही पडली. मी भावाला बरं करायला गेले, तेवढ्यात माझ्यावर दोन फटके, दोन्ही लागले आणि मीही पडले, हाफलिंगचं नशीब माझ्या फाशाला लागतं, मिनोटॉरच्या फाशाला नाही. आता फक्त तो उभा. नऊ का दहा एचपी. मिनोटॉरने मारलं, आणि मी डोळे मिटले, कारण चौघं पडले म्हणजे तेवीस तासांचा डाव गेला.

तो पडला नाही. १ एचपी.

मी गप्प बसले, तो पण बोलला नाही. त्याने आधी इन्व्हिजिबिलिटीचं (अदृश्य करणारं) पोशन प्यायलं, ते बोनस अॅक्शनमध्ये होतं, मग अॅक्शन खर्चून डॅश घेतला आणि जितकं लांब जाता येईल तितकं गेला. मिनोटॉर इकडे तिकडे फिरत राहिले. पुढच्या टर्नला पळून जायचं बटण चालू झालं आणि तो एकटा कॅम्पवर पोचला. आमच्याकडे सातशेच्या आसपास सोनं होतं. विदर्स एका माणसाला परत उठवायचे दोनशे घेतो. तिघांचे सहाशे.

डेथ वॉर्डला अजून तीन लेव्हल बाकी होत्या. वहीत मी हाफ-ऑर्क मधल्या रेघेवरून उचलून उजव्या रकान्यात लिहिला, भावाने वाचलं आणि काही न बोलता वही मिटली. आता आम्ही सातव्या लेव्हलच्या जवळ आहोत, तोच डाव अजून चालू आहे. रोज सकाळी लाँगस्ट्रायडर टाकून झाला की मी आधी त्याच्या कॅरेक्टरवर जाऊन ते एकदाचं उभं राहणं शिल्लक आहे का ते बघते, आणि वापरून झालं असेल तर समोर कितीही लहान लढाई असली तरी आम्ही मागे फिरतो, कॅम्पला जातो आणि झोपतो.